दादाचा रिपोर्ट आणि माझा अंगठा

माझ्या उजव्या पायाला आजही पाच बोटं आहेत आणि त्यातलं एक कोपरगावच्या पाठकबाईंचं आहे. म्हणजे बोट माझंच, आहेही माझ्याच पायाला. पण ते तिथं टिकलं ते बाईंमुळं. म्हणून त्यांचं नाव आधी लिहितो. आमच्याकडं उपकार करणाऱ्याचं नाव गोष्टीच्या शेवटी घेतात, आणि तोवर ऐकणारे चहा पिऊन उठून गेलेले असतात.

पाठकबाईंनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको लता भाड्यानं राहतो. आमचं गाव कोल्हापूरकडं, कागलच्या पुढं. तिथून कोपरगाव म्हणजे एसटीचा अख्खा दिवस आणि कमरेचा एक मणका. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. अंगात विद्या एकच, गूळ करण्याची. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळत असताना काहील नेमकी कधी उतरवायची, हे जो ठरवतो त्याला गुळव्या म्हणतात. तो मी. बारा वर्षांपूर्वी इथल्या भाऊसाहेबांनी शेतावर गुऱ्हाळ घातलं आणि मला गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं. तेव्हापासून दिवाळीनंतर मी जो पाटावर बसतो, तो उन्हाळ्यातच उठतो.

बसतो हे शब्दशः घ्या. चुलवाणाला जाळ घालणारा वेगळा, रस ओतणारे वेगळे, ढेपा उचलणारे वेगळे. गुळव्यानं काहिलीशेजारी बसून उकळीकडं बघायचं आणि चव घ्यायची. रस चाखायचा, काकवी चाखायची, गूळ चाखायचा, आणि दिवसाला आठ वेळा काहील चढते. (खरं म्हणजे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटानं दाबला तरी कळतं. माझा गुरू तसंच करायचा. पण मी पडलो कामाशी प्रामाणिक.)

तुम्ही म्हणाल, एवढं गोड खाणाऱ्या माणसानं कधी रक्त तपासलं नाही काय? तपासलं की. ओळीनं सात वर्षं तपासलं. फक्त ते रक्त दादाचं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मारुती. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, गावाकडं शेती बघतो. नाक, कपाळ, टक्कल, सगळं आमचं एका साच्यातलं. त्यांच्याकडं दर वर्षी शाळेत तपासणीचं शिबिर भरतं. पहिल्या वर्षी तिथूनच त्याचा फोन आला.

"दिनक्या, तपासून घेतलं. काय बी न्हाई. घोडा हाय घोडा."

"बरं झालं. मग मीही घेतो इथं तपासून."

"तू कशाला? आई एक, बाप एक, रक्त एक. एकाच हिरीचं पाणी कुणी दोनदा तपासतंय व्हय?"

हे मला इतकं पटलं की मी त्याचे आभार मानले. पुढं दर वर्षी दादा रिपोर्टचा फोटो मोबाईलवर पाठवायचा. लता त्याची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवायची. गुऱ्हाळावर कुणी म्हटलं, "दिनकरराव, जरा जपून खा," की मी सांगायचो, "रिपोर्ट आहे घरी."

शिवाय आमचे आजोबा. आमच्या घरात कुठल्याही आजाराचं नाव निघालं की आजोबांना पुढं करतात. आजोबा शहाण्णव वर्षं जगले. रोज मूठभर शेंगदाणे आणि तेवढाच गूळ खायचे, आणि शेवटपर्यंत दात स्वतःचे. (ते दिवसातून दोनदा चालत मळ्यात जायचे आणि मळा दीड कोसावर होता, ही गोष्ट सांगायचं सगळे विसरतात. गूळ मात्र कुणी विसरत नाही.)

आमचे वडील, अप्पा, मात्र लवकर गेले. पण त्यात रक्ताचा काही दोष नव्हता. अप्पांच्या पायात खिळा गेला होता. मी तेव्हा सातवीत. जखम चिघळली, पाय सुजला, आणि शहरातल्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला. अप्पांनी अंथरूण धरलं, दादानं औत धरलं, आणि मला शेजारच्या गुऱ्हाळावर लावलं. चार वर्षांत अप्पा गेले. तेव्हा माझी शाळा गेली ती त्या एका खिळ्यापायी.

त्या दिवसापासून आमच्या घरात खिळ्याशी वैर. रस्त्यात खिळा दिसला की आमच्यातला प्रत्येक माणूस वाकून उचलतो. लग्नाच्या वरातीतसुद्धा. कोपरगावात आल्यापासून मी वेचलेल्या खिळ्यांनी तेलाचा एक डबा भरलाय. घरात भिंतीला खिळा मारायचा नाही हा नियम. आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं असतं आणि वाऱ्यानं दिवसभर पाठ फिरवून बसतं. म्हणजे बघा, तीस वर्षं आम्ही खानदानी शत्रूवर असा पहारा ठेवला होता. गूळ खात खात.

गेल्या हंगामात मला तहान लागायला लागली. साधी नाही, कळशीभर. मग जेवढी कळशी आत तेवढ्या फेऱ्या बाहेर. वजन उतरलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. मी म्हटलं, चुलवाणाची धग. चपलांना मुंग्या लागायच्या. आता गुऱ्हाळावर मुंग्या कशाला लागत नाहीत? तिथं त्या मालकाच्या टोपीलाही लागतात. इतर ठिकाणी लघवीच्या जागी जमलेल्या मुंग्यांकडं बघून माणसाला आजार कळतो म्हणे, पण माझ्या मुंग्या नोकरीच्याच जागी असल्यानं त्यांच्या सांगण्याला काही किंमत उरली नव्हती.

भाऊसाहेबांनीही हे बघितलं. माणूस मायाळू. म्हणाले, "दिनकरराव, तुमी लई वाळलात. लोक म्हनतील, मालक गुळव्याला जेवू घालीत न्हाई."

"धगीनं होतंय, भाऊसाहेब."

"व्हय, पर आंगात ताकद पायजे ना. उद्यापून तुमाला दोन टायम गूळ घालून दूध."

त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? परमुलखात एवढी काळजी कोण करतं? मी महिनाभर दोन टायम दूध प्यायलो.

त्याच महिन्यात काहील उतरवताना गरम काकवी उडून माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. लतानं हळद भरली. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. जखम भरायची सोडून काळी पडायला लागली. दुखत मात्र नव्हती. न दुखणारी जखम म्हणजे बरी होणारी जखम, अशी मी माझी समजूत काढली.

लता म्हणाली, "अहो, दाखवून या ना कुणाला तरी."

"खिळा लागलाय का?"

"नाही."

"मग काळजी नाही."

हे मी बोललो. हेच शब्द. आज आठवलं की माझा मलाच संताप येतो, पण स्वतःवर संतापून भागत नाही, म्हणून पुढचा संताप दादासाठी राखून ठेवला आहे.

एके दिवशी दुपारी आमचा नळ गेला होता, म्हणून मी पाठकबाईंकडं पाणी मागायला गेलो. बाई पडवीत गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. मी बाटली तिथंच तोंडाला लावून संपवली आणि दुसरी मागितली. दुसरी संपवून तिसरी मागितली. बाईंनी सूप खाली ठेवलं.

"दिनकर, किती दिवस चाललंय हे?"

"नळ आजच गेलाय, बाई."

"नळाचं नाही विचारत. चप्पल काढ. अंगठ्याला काय झालंय?"

मी चप्पल काढली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि तीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला चलायचं."

"गरज नाही, बाई. माझा रिपोर्ट आहे." मी धावत जाऊन देव्हाऱ्यामागची पिशवी आणली.

बाईंनी सगळ्या झेरॉक्स एकेक करून बघितल्या. मग म्हणाल्या, "यावर मारुती लिहिलंय."

"तो माझा सख्खा भाऊ."

"मग?"

"रक्त एकच ना, बाई."

 बाईंनी गव्हातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "दिनकर, तू किती शिकलास?"

"सातवी."

"तुला सातवीत विज्ञानाला कोण होतं?"

"गुरुजी होते एक. आता हयात नाहीत."

"त्यांचं नशीब," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. माझी चूक एवढीच की त्याची परवानगी घेतल्यासारखं बोललो. दादा जो तापला.

"माज्या रक्तावर तुझा इस्वास न्हाई व्हय? सात वरसं फुकटात वापरलंस की गा!"

"बाई म्हणतात म्हणून..."

"थांब. मीच येतो. दोघांचं बरोबर तपासूया. आमच्या घराण्याच्या रक्ताला कोण नावं ठेवतंय ते बघतोच."

शनिवारी सकाळी दादा एसटीतून उतरला. एका हातात तुपाचा डबा, दुसऱ्या हातात आजोबांचा फोटो. (फोटो लॅबमध्ये दाखवायला.) बाई बरोबर होत्याच. लॅबमधल्या ताईंनी दादाचा दंड बांधला तसा तो म्हणाला, "ताई, दोघांचं एकाच बाटलीत घ्या. वेगळं कशाला? घरचंच हाय."

ताईंनी बाईंकडं बघितलं. बाईंनी आजोबांकडं बघितलं.

दुपारी रिपोर्ट आले. बाईंनी पडवीत मोठ्यानं वाचले. दादाचे एकशे दहा. माझे तीनशे चौदा.

"नावं बदलली असतील," दादा म्हणाला.

"नावं बरोबर आहेत."

 दादा बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मग त्याचा चेहरा उजळला. "एकशे दहा आन् तीनशे चौदा. झाले चारशे चोवीस. दोघांत वाटले की दोनशे बारा!"

लता आतून म्हणाली, "पण दादा, दोनशे बारा चांगले असतात का?"

"चांगले नसतील, पर सोसतात."

दोनशे बारावर घराण्याची इज्जत राखून आम्ही डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आजोबांच्या फोटोला नमस्कार केला (दादानं तो टेबलावर उभा केला होता) आणि माझ्या अंगठ्यात सुई टोचली. मला कळलं नाही. पुन्हा टोचली. मी दुसरीकडं बघत होतो, तसाच बघत राहिलो. डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"बोट काळं पडायला लागलंय. रोज ड्रेसिंग करू, गोळ्या सुरू करू. वाचलं तर वाचलं. आणखी आठ दिवस थांबला असतात तर मी हे वाक्यही बोललो नसतो. घरात शुगर कुणाला आहे?"

"कुणाला न्हाई," दादा म्हणाला. "हे आमचं आजोबा, शहाण्णव..."

"वडील?"

"त्यांना खिळा लागलावता."

"मग?"

"पाय कापला."

"खिळा लागणाऱ्या प्रत्येकाचा पाय कापत नाहीत. जखम भरली नव्हती का?"

दादा वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघायला लागला. "न्हाई भरली."

"तहान? वजन उतरलं होतं?"

"व्हय."

"त्यांना शुगर होती का?"

पंख्याचे चार फेरे झाले असतील. दादा म्हणाला, "हुती."

मी खुर्चीतून उठलो. उभं राहून काय करायचं ते सुचेना, म्हणून परत बसलो. तीस वर्षं. बारा वर्षांचा असल्यापासून मी लोखंडाच्या दीड इंचाच्या तुकड्यावर दात खात आलो होतो. डबाभर खिळे वेचले. कॅलेंडरची पाठ बघत आयुष्य काढलं. आणि खिळा बिचारा निर्दोष!

बाईंच्या पडवीत येईपर्यंत मी तोंड धरलं. मग सोडलं. "दादा, मला सांगायला काय झालं होतं?"

"दोन भनींची लग्नं व्हायची हुती. साकरेचं घराणं म्हटल्यावर सोयरिक कोण करणार? अप्पाच म्हणाले, खिळा सांग. खिळ्याला सोयरे नावं ठेवत न्हाईत."

"लग्नं होऊन पंचवीस वर्षं झाली."

"मग सवय झाली. मलाबी खिळाच दिसाय लागला."

"आणि तू दर वर्षी न चुकता तपासून घेत होतास. का? भीती वाटायची म्हणून ना? मग मला का अडवलंस?"

दादानं आजोबांचा फोटो मांडीवर पालथा ठेवला. "मला न्हाई निघालं की वाटायचं, तुलाबी न्हाई. एवढ्यावर वरीसभर झोप लागायची, दिनक्या. तुझं येगळं निघालं आसतं तर?"

यावर रागावायचं कसं ते मला कळेना, आणि त्याचाच जास्त राग आला. माझा सगळा राग मी मग पाठकबाईंसमोर मांडला. "बाई, आता तुम्हीच सांगा. एकाच बापाचे आम्ही दोघं. हा तुपात भाकरी चुरून खातो. ह्याला एकशे दहा आणि मला तीनशे चौदा? हा काय न्याय झाला?"

बाईंनी लताला चहा टाकायला सांगितला. बिनसाखरेचा. मग म्हणाल्या, "एकाच फडातला ऊस दोन गुळव्यांना अर्धा अर्धा दिला, तर गूळ सारखा होईल?"

माझ्या धंद्यातलं कुणी असं अडाण्यासारखं बोललं की मला राहवत नाही. "कसा होईल, बाई? जाळ कमीजास्त होतो, कुणी रसावरची मळी वेळेवर काढतो, कुणाचा रसात चुना जास्त पडतो, कुणी गप्पा मारत बसतो. नुसत्या उसावर असतं तर गुळव्याला कुणी विचारलं असतं का?"

"हं. मारुतराव, तुम्ही दिवसभर काय करता?"

"म्हशींमागं हिंडतो. मळ्यात जातो-येतो. तालमीत पोरास्नी शिकवतो."

"दिनकर, तू?"

"बसतो," मी म्हणालो. आणि मलाच ऐकू आलं.

दादाला तेवढ्यात एक शंका आली. "पर बाई, ऊसच खारवट रानातला आसला तर?"

"मग गुळव्याला दुप्पट जपावं लागतं. तुमच्या दोघांचं रान खारवट आहे, मारुतराव. अप्पांचं आहे ते. तुमचेही एकशे दहा म्हणजे काठावरच आहेत. तुम्ही हिंडता म्हणून ते काठावर थांबलेत. माणूस आजोबांकडून नाक घेतो, बापाकडून आणखी काही घेतो. बाजारातल्या भाजीसारखं निवडून घेता येत नाही."

दादानं तुपाचा डबा हळूच पायानं बाजेखाली सरकवला.

दोन दिवसांत घराचा दवाखाना झाला. लतानं गुळाची बरणी शेजारी दिली, डॉक्टरांचा आहाराचा कागद गजाला बांधला (तोही पाठ फिरवून बसला), आणि ताटात दोडका, कारलं, दोडका असा क्रम लावला. मी सगळं मुकाट्यानं सोसलं. बाईंनी माझ्याकडून शब्द घेतला होता, "दिनकर, गुळाचा खडासुद्धा नाही." मी म्हटलं होतं, "बाई, तुमची शपथ."

सोमवारी सकाळी दादा गावाला निघाला. त्याचा उपवास असतो, म्हणून चहासुद्धा न घेता पिशवी खांद्याला लावली. जाण्याआधी बाईंच्या पाया पडायला म्हणून आम्ही तिघं पडवीत गेलो. दादा वाकला. बाई म्हणाल्या, "सुखी राहा."

दादा वाकलेलाच.

"असू दे, असू दे. उठा आता, मारुतराव."

दादा उठेना. माझं मन भरून आलं. एवढा पैलवान गडी, कुणापुढं मान न वाकवणारा, माझ्या बोटासाठी बाईंच्या पायांवर एवढा वेळ! लतानं डोळ्यांना पदर लावला. मग दादाचं डोकं बाईंच्या पायांवरून घसरून उंबऱ्याला लागलं आणि तो आडवा झाला.

त्याला घाम फुटला होता. हात थरथरत होते. जीभ जड झाली होती. बाई खाली बसल्या. "मारुतराव, काय घेतलंत? काय खाल्लंत?"

"गोळी," दादा म्हणाला.

"कसली गोळी?"

"दिनक्याची. सकाळी एक, काल सांजंला एक."

"अरे पण का?"

"रक्त एकच न्हवं? माज्यात गेली काय, त्याच्यात गेली काय... त्येला जल्मभर एकट्यानं खाय लागणार. म्हटलं, निम्म्या आपुन घ्याव्या."

आजारी नसलेल्या माणसानं, तेही उपाशीपोटी, साखर उतरवायची गोळी घेतली होती. बाई ओरडल्या, "साखर आणा! गूळ आणा! पटकन!"

लता आत धावली आणि तशीच परत आली. बरणी शेजारी, शेजारी कुलूप लावून बाजाराला. बाईंनी स्वतःच्या डब्याकडं बोट केलं, पण त्यातली साखर शनिवारीच संपल्याचं त्यांना तेव्हा आठवलं. मला मोह नको म्हणून त्यांनी नवी आणलीच नव्हती. दादाचे डोळे फिरायला लागले.

तेव्हा मी शर्टाच्या आत हात घातला. बनियनला लतालाही ठाऊक नसलेला एक खिसा आहे. त्यातून कागदात बांधलेला, लिंबाएवढा, कालच्या काहिलीतला, पिवळाधमक गुळाचा खडा काढला आणि दादाच्या तोंडात घातला. बाईंनी वरून पाणी पाजलं.

 दादा चघळत होता. लता माझ्या बनियनकडं बघत होती. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांची शपथ घेऊन मला अजून दोन दिवसही झाले नव्हते.

दहा मिनिटांनी दादाच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यानं डोळे उघडले, जीभ फिरवली, आणि म्हणाला, "चुना जरा जास्त पडलाय, दिनक्या."

डॉक्टरांनी त्याला दिवसभर झोपवून ठेवलं, तासातासाला रक्त तपासलं. (ह्या वेळी त्याचंच.) त्याला घरी सोडताना त्यांनी आमच्या घरासाठी नवा नियम सांगितला: ज्याचं रक्त त्याचा रिपोर्ट, ज्याची गोळी त्याचं तोंड. गावी गेल्यावर दादानं पहिलं काम केलं ते असं: बहिणींना, भाच्यांना, सगळ्यांना बोलावून अप्पांचं खरं सांगितलं आणि शिबिरात स्वतः रांगेत उभं केलं. थोरली बहीण काठावर निघाली. तिनं दादाला अर्धा तास शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली.

माझं बोट वाचायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मला एसटीनं परत पाठवावं असं कुणालाही वाटलं असतं. भाऊसाहेबांनी तसं केलं नाही. फक्त दूध बंद केलं आणि म्हणाले, "आता पान्यात थेंब टाकून बघत जा, दिनकरराव. लोकं म्हनतात गूळ पयल्यापेक्षा चांगला व्हतोय." हे ऐकून आनंद मानावा का अपमान, ते मी अजून ठरवलेलं नाही.

जखम भरल्यापासून रोज सकाळी पाठकबाई मला नदीपर्यंत चालवत नेतात. त्या सत्तरीच्या, मी बेचाळीसचा, आणि दम मला लागतो. बनियनचा खिसा त्यांनी स्वतःच्या हातानं शिवून बंद केला. मग माझा तेलाचा डबा मागून घेतला, त्यातला एक खिळा निवडला, आमच्या भिंतीत ठोकला आणि त्यावर कॅलेंडर सरळ टांगलं. त्यात मी आता दर पंधरवड्याला माझा, स्वतःचा आकडा लिहितो. आमच्या घराण्यातला भिंतीतला हा पहिला खिळा. येताजाता मी त्याच्याकडं जरा खाली मान घालूनच बघतो.

ह्या उपकाराचं काय करायचं, हे बाईंनाच विचारलं. बाई तूप घेत नाहीत, गूळ घेत नाहीत. म्हणाल्या, "दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. बाहेरून परीक्षेला बस आणि पास होऊन दाखव. बाकी काही नको." तेव्हापासून पुस्तक उशाशी आहे. पहिल्या तीन पानांपुढं झोप येते. परवा पेपरची धास्ती घेऊन बसलो होतो, तेव्हा मनात आलं, दादाला बसवलं तर? नाक तेच, टक्कल तेच, आणि रक्त तर...

तिथंच जीभ चावली. नाही. बाई, लिहून देतो, हा पेपर मी माझ्याच हातानं देईन आणि गुणपत्रिका तुमच्या पडवीत आणून ठेवीन. किती वर्षं लागतील सांगता येत नाही, पण कधी ना कधी आणीनच. तुम्ही मात्र आणल्यावर वरचं नाव वाचून घ्या.